हिरव्या चिठ्ठीचा बोळा

अण्णा टिपणीसांनी सगळ्या आयुष्यात एकच खराब माल पास केला, आणि तोही फॅक्टरीत नाही, स्वतःच्या घरात.

फॅक्टरीत त्यांच्या हातून तसं होणं शक्यच नव्हतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये दिनानाथ टिपणीस खात्यात शिरले की भले भले सावरून बसायचे. तोफगोळ्यांची पितळी कवचं तपासायची, हे त्यांचं काम. एका हातात कवच, दुसऱ्या हातात मापाचं गेज. गेज सरळ आत गेलं तर माल चांगला, अडकलं तर परत. चांगल्या मालाच्या पेटीवर हिरवी चिठ्ठी लागायची, खराब मालाच्या पेटीवर तांबडी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तपासणाऱ्याच्या नंबराचा शिक्का. अण्णांचा नंबर एकतीस. वीस वर्षांनी कुठे सीमेवर गोळा फसला, तरी चिठ्ठीवरून माणूस सापडला पाहिजे, असं ते नव्या पोरांना बजावायचे. एकदा केसाएवढ्या फरकासाठी त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला. साहेब स्वतः खाली आले, आधी गोड बोलले, मग तिखट बोलले. अण्णा म्हणाले, साहेब, तुमच्या नंबराची चिठ्ठी लावा, माझी मी लावणार नाही. साहेब आल्या पावली परत गेले.

तर असा हा माणूस, आणि त्याला नादी लावलं एका रबरी बटणांच्या खेळण्याने.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात अण्णांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा, भाऊ श्यामकांत बोटीवरून सुट्टीला आला, तो भाचीसाठी कॉम्प्युटर घेऊन. आता कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तसलं काही नव्हतं ते. पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी काळी पाटी, तिच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. ती घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, कारण सगळे प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर असायचे. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर चार-पाच मिनिटं मांजराची शेपूट दारात सापडल्यासारखा किंचाळायचा, टीव्हीवर पट्टे थरथरायचे, आणि नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम चालू व्हायचा. नसेल तर ‘टेप लोडिंग एरर’. मग पुन्हा पहिल्यापासून.

अण्णांची मुलगी उमा तेव्हा बारावीत. तिला त्या काळ्या पाटीचं वेडच लागलं. सोबत आलेलं पुस्तक तिने गणपतीच्या आत पाठ केलं, आणि दिवाळीपर्यंत स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. कसला, तर फॅक्टरीच्या कॉलनीतल्या रक्तगटांचा. आदल्या वर्षी फॅक्टरीत एकाचा हात मशिनमध्ये गेला, तेव्हा रक्तासाठी चाळी-चाळींतून दारं वाजवत हिंडावं लागलं होतं. ते उमाच्या मनात राहिलं. ती वही घेऊन क्वार्टर-क्वार्टर फिरली, दोनशे चौदा माणसांची नावं, पत्ते, रक्तगट लिहून आणले. गयाबाई झाडूवाली तर म्हणाली, माझं रक्त कोण घेणार बाई. उमा म्हणाली, ज्याला लागेल तो घेईल, आणि तिचं नाव लिहून घेतलं. प्रोग्रामात रक्तगट टाकला की नाव आणि क्वार्टर नंबर पडद्यावर हजर.

ठाण्याच्या एका संस्थेने त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रामांची स्पर्धा ठेवली होती. कॅसेट दहा डिसेंबरपर्यंत पोचवायची. उमाला पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचं होतं, आणि अण्णांना मुलीला हॉस्टेलवर पाठवायची धास्ती वाटत होती. शेवटी त्यांनीच अट घातली. म्हणाले, ठाण्याला तुझा प्रोग्राम निवडला तर पुणे, नाहीतर इथेच उल्हासनगरला बी.कॉम. त्यांच्या दृष्टीने हे अगदी न्यायाचं होतं. गेज आत गेलं तर हिरवी, अडकलं तर तांबडी. उमा खुशीत होती. गेज आत जाणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

आता विमानाकडे येऊ.

श्यामकांतने आणलेल्या दोन कॅसेटींपैकी एक गणिताची होती आणि दुसरीत एक खेळ होता. अंतराळात तुमचं एकट्याचं विमान. समोर काळंभोर आकाश, त्यातून चांदण्या अंगावर धावत येतात, आणि त्या चांदण्यांतून शत्रूची विमानं सूर मारून खाली येतात. ओ आणि पी दाबून डावीकडे-उजवीकडे, क्यू आणि ए दाबून वर-खाली, एम दाबला की गोळी. तीन जीव. बस्स, एवढंच. उमाने तो दोनदा खेळून बाजूला टाकला. अण्णांनी एके दिवशी सहज, बघू तरी काय आहे, म्हणून बटणाला हात लावला.

आता यात हसण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, सुनंदाबाई खूप हसल्या. पण विचार करा. या माणसाने एकोणीस वर्षं तोफगोळ्यांची कवचं हाताळली होती. लाखांनी. त्यातला एकही गोळा उडताना त्यांनी पाहिला नव्हता. पेटीवर चिठ्ठी लावायची, पेटी गेटबाहेर जाणार, पुढचं कुणी बघितलंय. आणि इथे एम दाबला की समोरचं विमान फुटायचं, लख्ख, डोळ्यांदेखत. पहिल्यांदा फुटलं तेव्हा अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. पन्नाशीला टेकलेला माणूस, नाकावर चष्मा, अंगात बनियन, आणि तोंडाने लहान पोरासारखा धडाड्-धूम् आवाज.

त्या वर्षी त्यांना सतत दुपारची पाळी होती. अडीचला घर सोडायचं. म्हणजे सकाळ मोकळी. साडेनऊला उमा कॉलेजला निघाली की टीव्हीसमोर अण्णा. पुढे पुढे ती निघायच्या आधीच बसायला लागले. आकडा वाढत चालला, तो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. सुनंदाबाई त्याच चौकोनात दुधाचा खाडा लिहायच्या. नऊ हजार दोनशे, आणि खाली अर्धा लिटर नाही. कॉलनीत बातमी पसरली. शेजारचे शंकरराव विचारायचे, काय अण्णा, आज किती पाडली? अण्णा लाजायचे, पण सांगायचे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टेपरेकॉर्डरने विमानाची कॅसेट खाल्ली. खाल्ली म्हणजे पट्टी आत गुंडाळली जाऊन तिच्या चिंध्या झाल्या. सकाळ-सकाळ रोज वाजवून काय होणार दुसरं? अण्णांचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते सरळ उल्हासनगरला गेले, कॅम्प तीनला, जिथे जगातली कुठलीही वस्तू मिळते आणि मिळाली नाही तर दुपारपर्यंत बनवून देतात. हासाराम नावाच्या सिंधी दुकानदाराकडे तोच खेळ निघाला. पण एकच कॅसेट, तीही दुसऱ्या गिऱ्हाइकाची, दुरुस्तीला आलेल्या मशिनबरोबरची. अण्णांचा चेहरा बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, ‘साईं, ले जाओ. एक बजे तक वापस चाहिए.’

अण्णा घरी पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. उमा कॉलेजात. सुनंदाबाई स्वयंपाकघरात. अण्णांनी शंकररावांकडून त्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. एकावर खेळ वाजवायचा, दुसऱ्यावर भरून घ्यायचा, असा बेत. आता हवी होती कोरी कॅसेट. खणात तीन होत्या. दोन सुनंदाबाईंच्या भजनांच्या, त्यांना हात लावायची अण्णांची छाती नव्हती. तिसरीवर पेन्सिलीने बारीक ‘उ’ लिहिलं होतं.

अण्णांनी ती उलटी केली. कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन इवल्या पट्ट्या असतात, ठाऊक असेल तुम्हाला. त्या मोडून टाकल्या की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही, आणि आत जे आहे ते चुकूनही पुसलं जात नाही. उमाने दोन्ही पट्ट्या मोडल्या होत्या. सुरीच्या टोकाने, नीट, कडा साफ करून.

याचा अर्थ काय, हे एकतीस नंबरच्या तपासनीसाला कुणी सांगायला नको होतं. पट्ट्या मोडल्यात म्हणजे ही पेटी सील झाली, हिला हात लावायचा नाही. हे त्यांना कळलं. कळलं, आणि लगेच दुसरंही सुचलं, की पोरीच्या अशा पाच-सहा कॅसेटी असतील, ही जुनी असेल, नवीन दप्तरात असेल. घड्याळात अकरा पस्तीस. माणसाला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही, एक मिनिटसुद्धा पुरतं. अण्णांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा नंबर मारलेल्या हिरव्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, एक चिठ्ठी फाडली, तिचे दोन घट्ट बोळे केले आणि दोन्ही भोकांत दाबून बसवले. रेकॉर्डचं लाल बटण गपकन खाली गेलं.

दोन टेपरेकॉर्डर त्यांनी पलंगावर समोरासमोर ठेवले, तोंडाला तोंड लावून. जोडायची वायर कुठे होती? लोक गाणी अशीच भरून घ्यायचे, अण्णांनी पाहिलं होतं. सुनंदाबाईंना दम दिला, भांडं वाजवू नका. स्वतः श्वास रोखून पलंगाच्या कडेला बसले. मधे एकदा ठसका आला, तो त्यांनी मुठीत दाबला, तरी थोडा सुटलाच. पाच मिनिटं सगळं घर मशिनची किंचाळी ऐकत गप्प राहिलं.

आणि अर्थातच काही उपयोग झाला नाही. असल्या खेळाचा आवाज म्हणजे लता-आशाचं गाणं नव्हे, त्यात जराही घरघर आली की मशिनला काही कळत नाही. लोडिंग एरर. आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. एरर. बारा वाजून गेले, तेव्हा अण्णांनी नाद सोडला. पिनेने एक बोळा उकरून काढला. दुसरा उकरताना आणखी आत गेला, तो गेलाच. बघतंय कोण, म्हणत त्यांनी कॅसेट होती तशी खणात ठेवली आणि धावत कॅम्प तीन गाठलं. हासारामने सगळं ऐकलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, आधी बोलायचं ना, वायर लावून मीच भरून दिली असती, कल ले जाना. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कॅसेटवर भरलेलं विमान तयार होतं. एक दिवस. फक्त एक दिवस थांबायचं होतं या माणसाला.

त्याच शुक्रवारी दुपारी, अण्णा पाळीला निघायच्या बेतात असताना, उमाने कॅसेट लावली. आणखी काही नावं भरायची होती. एरर आली. तिने पुन्हा लावली. पुन्हा एरर. मग टेपरेकॉर्डर कानाशी धरून नुसतीच ऐकत बसली, बराच वेळ. अण्णा पायमोजे चढवत होते. खणात दुसऱ्या पाच-सहा कॅसेटी नाहीत, दप्तरात नाही, कुठेच नाही, हे त्यांना तिचा चेहरा बघूनच कळलं.

तिने कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ‘अण्णा, यातलं सगळं गेलंय.’

हा क्षण होता बघा. त्या वेळी नुसतं एक वाक्य पुरलं असतं. पण आदल्याच आठवड्यात ते एका नव्या पोराला म्हणाले होते की चूक लपवणारा माणूस फॅक्टरीत नको, त्याला गेटबाहेर काढा. असला माणूस मुलीपुढे काय तोंडाने सांगणार, की मी विमानं पाडायला तुझी कॅसेट पुसली? अण्णा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, ‘तुझ्याकडूनच पुसलं गेलं असेल. घाईत लाल बटण दाबलं असशील.’

उमाने त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘असेल,’ ती म्हणाली.

दहा डिसेंबरला अजून सोळा दिवस होते. अण्णांना वाटलं होतं, रडेल, आदळआपट करेल, निदान अबोला धरेल. तसं काही झालं नाही. ती कॉलेजला जायची, यायची, आईला मदत करायची. काळ्या पाटीला मात्र तिने हात लावला नाही. रोज सकाळी अण्णा विमानावर बसलेले असत आणि ती दाराशी चपला घालत असे. त्या दिवसांत चपला घालायला तिला फार वेळ लागायचा. पट्टा लावायची, परत काढायची, परत लावायची. मग विचारायची, ‘निघू मी?’ आधी कधी विचारत नसे. अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, ‘नीघ.’ तरी ती क्षणभर उभी राहायची, आणि मग दार ओढल्याचा आवाज यायचा. दार ओढलं की अण्णांना बरं वाटायचं. आजचा दिवस गेला, असं काहीतरी.

त्याच सोळा दिवसांत, चार डिसेंबरला, अण्णांनी अठ्ठेचाळीस हजार तीनशे पन्नासचा आकडा गाठला. तो कॅलेंडरवर लाल पेनाने आहे. त्याच्यापुढे ते कधी गेले नाहीत.

दहा तारखेला ते धीर करून म्हणाले, काय झालं गं ठाण्याचं? उमा म्हणाली, नाही पाठवलं. पुढे बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले होते. सुनंदाबाई म्हणाल्या, जाऊ द्या ना पुण्याला, एवढं काय त्या स्पर्धेचं. अण्णांच्याही ओठांवर ‘जाऊ दे’ आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण अट आपण घातलेली, ती आपणच मोडली तर पोरगी विचारणार, आत्ताच का मोडलीत? मग सगळंच बाहेर येणार. ते म्हणाले, ठरलं ते ठरलं. उमाने बी.कॉम.चा फॉर्म आणला आणि स्वतःच भरला. सही तेवढी त्यांची घेतली.

यावर कळस म्हणजे अण्णा चार लोकांत सांगायला लागले, पोरीला डोकं आहे हो, पण चिकाटी नाही. एक कॅसेट गेली तर हातपाय गाळून बसली. इतक्या वेळा सांगितलं की ते त्यांना स्वतःलाही खरं वाटायला लागलं. माणसाचा खोटेपणा असा मुरतो, लोणच्यासारखा. पुढे त्या पाटीची बटणं दबेनाशी झाली. अण्णांनी ती फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली, आणि विमानाचा विषय संपला.

म्हणजे अण्णांना वाटलं, संपला.

उमाचं लग्न झालं, ती बदलापूरला गेली, तिथल्या एका पतपेढीत कारकून म्हणून लागली. अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्या घेतल्या. निवृत्तीच्या दिवशी फॅक्टरीने एकतीस नंबरचा शिक्का परत घेतला. टेबलावर ठेवलेला तो अण्णांनी दोनदा परत उचलला. लोकांना वाटलं, नोकरीचं दुःख. भाषणात एकजण म्हणाला, टिपणीसांच्या चिठ्ठीखालून खराब माल गेला नाही. टाळ्या पडल्या. अण्णा खाली मान घालून बसले होते.

अठ्ठ्याण्णव सालच्या एका रविवारी उमाचा फोन आला. जावयांनी ऑफिसातून जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. ‘या ना, अण्णा. तुमचं विमान आहे यात. रंगीत.’ सुनंदाबाईंचे गुडघे धरले होते, त्यामुळे अण्णा एकटेच रिक्षाने गेले. घरी उमा एकटीच होती, जावई बाहेर गेले होते. तिने पोहे केले, मग कॉम्प्युटर चालू केला. अण्णा बघत राहिले. तिची बोटं त्या बटणांवरून अशी चालत होती, जशी सुनंदाबाईंची तांदूळ निवडताना चालायची, न बघता.

पतपेढीतही कॉम्प्युटर आलेत, उमा सांगत होती. बसवायला मुंबईहून माणूस आला होता. त्याने आठ दिवस सगळ्यांना शिकवलं, आणि नवव्या दिवशी त्याचंच अडलं तेव्हा हिने ते सोडवून दिलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही या लाइनला यायला हवं होतं. सांगून उमा हसली. साधं हसली, त्यात टोमणा नव्हता, आणि तेच अण्णांना सोसेना.

तिने खेळ लावून दिला. नवी विमानं फार वेगाची होती. तिन्ही बाजूंनी यायची, धुराचे लोट सोडायची, आकाश निळं-जांभळं दिसायचं. अण्णांचे तीन जीव दीड मिनिटात गेले. पुन्हा खेळले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा उमाने लावून दिलं, तेव्हा त्यांनी बटणांना हातच लावला नाही. पडद्यावर त्यांचं विमान सरळ जात राहिलं.

‘उमा, तुझी ती कॅसेट,’ अण्णा म्हणाले, ‘तुझ्याकडून नव्हती पुसली गेली.’

दहा वर्षं तोंडात धरलेलं वाक्य, निघालं तेव्हा किती लहान होतं. उमा उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. अण्णांना वाटलं, आता ती रडून येईल, किंवा येणारच नाही. ती एक वही घेऊन आली. जुनी, दोनशे पानी, कोपरे मुडपलेली. तिने ती त्यांच्या मांडीवर उघडली. पान भरून तिचं तेव्हाचं अक्षर. दिनानाथ टिपणीस, ओ पॉझिटिव्ह. गयाबाई, बी निगेटिव्ह. आणि पानांच्या बेचक्यात चिकटपट्टीने चिकटवलेला एक कागदाचा बोळा, हरभऱ्याएवढा. रंग उडाला होता, तरी हिरवा कळत होता.

‘त्याच दिवशी पिनेने काढला होता,’ उमा म्हणाली. ‘आणि कॅसेटमध्ये मधेच एकदा तुम्ही खोकलात.’

अण्णांना त्या बोळ्यावरून नजर हलवता येईना. उलगडला असता तर आत कुठेतरी एकतीस निघाला असता. चिठ्ठीवरून माणूस सापडला पाहिजे, हे त्यांचंच बोलणं.

मग त्यांनी वहीची पानं उलटली. नावं संपल्यावर पुढे दुसरं काहीतरी होतं, आकडे घातलेल्या ओळी, इंग्रजी शब्द, कंस. पानामागून पान. काय आहे हे त्यांनी ओळखलं, पण विचारलं तरीही.

‘प्रोग्राम,’ उमा म्हणाली. ‘सगळा वहीत होता अण्णा. आधी वहीत लिहून मगच मशिनवर टाकायचे मी. चार दिवसांत परत टाकून झाला असता.’

‘मग टाकला का नाहीस?’

उमाने खेळ बंद केला. पडदा काळा झाला.

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. कॅसेटचं मला काहीच नव्हतं वाटलं. तुम्ही नुसतं, हो, माझ्याकडून झालं, म्हटलं असतं ना, तर त्याच दुपारी बसले असते मी टाइप करायला. तुम्ही म्हणालात, तुझ्याकडूनच झालं असेल. म्हटलं, आज नाही तर उद्या सांगतील. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. दारात उभी राहायचे मी. सोळा दिवस. मग वाटलं, अण्णा माझ्यावर खोटं टाकू शकतात, तर मला नको ती पुण्याची मेहेरबानी.’

हे ती अगदी शांतपणे म्हणाली, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. शेवटी म्हणाली, माझंही चुकलंच, हट्ट कुणाशी करायचा ते कळायचं वय नव्हतं. चार लोकांत आपण काय सांगत फिरलो ते अण्णांना आठवत होतं. चिकाटी नाही. सोळा दिवस रोज दारात उभी राहणाऱ्या पोरीला चिकाटी नाही.

उमाने चहा टाकला. दोघांनी प्यायला. आईच्या गुडघ्यांचं बोलणं झालं, नळाच्या पाण्याचं झालं. वही तिने कपाटात ठेवून दिली. मग अण्णा उठले, पिशवी घेतली आणि दाराशी आले.

चपला घालायला त्यांना वेळ लागला. एक पाय घातला, अंगठा नीट बसला नाही म्हणून काढला, परत घातला. भिंतीला हात टेकून उभे राहिले. तिने काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, काहीही, एखादा शब्द.

‘निघू मी?’ त्यांनी विचारलं.

उमा कपबशा उचलत होती. तिने हातातलं सगळं खाली ठेवलं, दारापर्यंत आली आणि त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, ‘निघा, अण्णा. उजेड आहे तोवर पोचाल.’